लॅपटॉपला डीव्हीडी टाकायची जागाच नाही, मग लग्नाची सीडी बघायची कशी

हल्ली घेतलेला ११ नाहीतर १४ इंची लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून बघितला तरी डीव्हीडी टाकायची जागा सापडत नाही, कारण कंपन्यांनी ती केव्हाच काढून टाकलीय, आणि इकडे आपल्या सोलापुरात घराघरात कपाटाच्या वरच्या खणात लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या डिस्कांची चळत पडून असते. डीव्हीडी प्लेअर कधीचा बिघडलेला, जुना पीसी भंगारवाल्याला गेलेला. मग मे महिन्यात पाहुणे जमतात, मामी म्हणतात "लावा की ओ लग्नाची सीडी, पोरांना दावू", आणि सगळं घर लॅपटॉपकडं बघत बसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह विकत घ्या किंवा कुणाकडनं मागून आणा, पण तो रोज बघायला म्हणून नको, डिस्कवरचं सगळं एकदा उतरवून घ्यायला. छोट्या लॅपटॉपवर दर वेळी वायर जोडा, डिस्क शोधा, पुसा, अडकली की काढा हा खेळ दोनचारदा होतो आणि मग बंद पडतो, आणि घरी बर्न केलेली डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर सोलापूरचे उन्हाळे सोसत पडली असेल तर ती अजून किती दिवस वाचली जाईल याची कुणी खात्री देऊ शकत नाही. तरी ज्यांना फक्त आज संध्याकाळी बघायचीय त्यांच्यासाठी तेही खाली दिलंय.

आधी हातातली डिस्क ओळखा

ड्राइव्ह आणायला नवी पेठेत पळायच्या आधी डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली धरा. खालच्या बाजूला जांभळट झाक दिसली तर ती रायटरवर बर्न केलेली, म्हणजे व्हिडिओ शूटिंगवाल्यानं करून दिलेली. हिच्यावर कुलूप नसतं, फाइल सरळ कॉपी होतात. एकदम चंदेरी असली तर कारखान्यात छापलेली, म्हणजे पिक्चरची, आणि तिच्यावर बहुतेक वेळा सीएसएस नावाचं कुलूप असतं. या दोन प्रकारांची पुढची वाट वेगळी आहे म्हणून हे आधी बघायचं.

तिसरा प्रकार व्हीसीडी. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं पिक्चरची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली होती, तेव्हा लोकांनी खच्चून घेतल्या, त्यातल्या बऱ्याच अजून घरात आहेत. व्हीसीडी म्हणजे साध्या सीडीवर एमपेग-१ व्हिडिओ, चित्र ३५२ बाय २८८, त्यामुळं मोठ्या टीव्हीवर फिकट आणि ठोकळे ठोकळे दिसणारच, त्यात तुमच्या लॅपटॉपचा काही दोष नाही. डीव्हीडीचं चित्र आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६, आणि ते एमपेग-२ असतं. सेलेरॉन, म्हणजे इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर असलेला लॅपटॉपसुद्धा हे आरामात चालवतो, तेव्हा दुकानदार "ह्याला जास्त रॅम लागंल" म्हणाला तर हसून पुढं चला.

डिस्कवर बोटांचे ठसे आणि धूळ असणार. पुसायची रीत अशी, की मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडं सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही, कारण गोल पुसताना खडा लागला तर चरा ट्रॅकच्याच दिशेनं पडतो आणि तसला चरा ड्राइव्हला सावरता येत नाही. चष्म्याचं मऊ फडकं घ्या. आपला सोलापुरी टॉवेल अंग पुसायला एक नंबर, पण त्याच्या लूपमध्ये बारीक धूळ अडकलेली असते, डिस्कला तो लावू नका. फारच चिकट असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवायची आणि सावलीत वाळवायची. टूथपेस्ट घासायचा सल्ला देणारे अजून आहेत, त्यांना नमस्कार करा आणि सोडून द्या.

कुठला ड्राइव्ह घ्यायचा

दुकानात "एक्सटर्नल डीव्हीडी रायटर" मागा, स्लिम, यूएसबीवर चालणारा. वेगळा अडॅप्टर लागत नाही, लॅपटॉपच करंट देतो. किंमत दुकानाप्रमाणं आणि कंपनीप्रमाणं हजार ते अडीच हजारांच्या आतबाहेर. यूएसबी ३.० लिहिलेल्या ड्राइव्हला वेगापोटी जास्त पैसे द्यायची गरज नाही, कारण डीव्हीडीचा व्हिडिओ सेकंदाला फार तर १० मेगाबिटच्या आसपास जातो आणि जुन्या यूएसबी २.० ची क्षमताच ४८० आहे. फरक पडतो तो करंटमध्ये. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००, आणि डिस्क फिरायला सुरुवात होते त्या क्षणी ड्राइव्ह जास्त ओढतो. त्यामुळं लॅपटॉपवर निळं किंवा एसएस लिहिलेलं पोर्ट असेल तर ड्राइव्ह तिथंच लावा.

ड्राइव्ह टकटक आवाज करतोय, माय कम्प्युटरमध्ये येतो आणि जातो, लाइट लुकलुकतो आणि विझतो, असं झालं की शंभरातल्या नव्वद वेळा करंट कमी पडतोय. एका यूएसबी हबवर माउस, पेनड्राइव्ह आणि ड्राइव्ह असं सगळं टांगलं असेल तर हे होणारच. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. तरी जमेना तर दोन तोंडांची वाय केबल मिळते, तिची दोन्ही टोकं दोन पोर्टात घालायची, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब. लॅपटॉपला फक्त टाइप-सी पोर्ट असेल तर सी-टू-ए कन्व्हर्टर घ्या, चांगल्यातला घ्या, फुटपाथवरचा कधी कधी फक्त चार्जिंगपुरता असतो आणि डेटाच जात नाही.

जुना बंद पडलेला लॅपटॉप घरात असेल तर त्याचा ड्राइव्ह काढून बाहेरच्या डबीत बसवता येतो, हे स्वस्तात पडतं. पण इथं गफलत होते ती मागताना. "कॅडी" मागितली की दुकानदार बऱ्याचदा ड्राइव्हच्या जागी हार्ड डिस्क बसवायची फ्रेम देतो, ती आपल्या काहीच कामाची नाही. आपल्याला "डीव्हीडी ड्राइव्हचं यूएसबी केसिंग" पाहिजे, आणि जाडी बघून, कारण ड्राइव्ह १२.७ आणि ९.५ मिलिमीटर असे दोन जाडीत येतात. पट्टीनं मोजा आणि मग जा. पीसीतला मोठा ड्राइव्ह मात्र नुसत्या यूएसबीवर चालत नाही, त्याला १२ व्होल्टही लागतात.

आणि खरं सांगायचं तर अख्ख्या वाड्यात नाहीतर सोसायटीत मिळून एक ड्राइव्ह पुरतो. एकानं घ्यावा, बाकीच्यांनी चहा पाजावा.

हे चालत नाही, वेळ घालवू नका

डीव्हीडी प्लेअरची एचडीएमआय वायर लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये लावून काही दिसत नाही. लॅपटॉपचं ते भोक चित्र बाहेर पाठवायचं आहे, आत घ्यायचं नाही. डीव्हीडी ड्राइव्ह टीव्हीच्या यूएसबीला लावूनही बहुतेक टीव्ही त्याला ओळखत नाहीत, त्यांना पेनड्राइव्ह पाहिजे. शेजारच्या पीसीचा ड्राइव्ह नेटवर्कवर शेअर करून वायफायनं बघायचा प्रकार बर्न केलेल्या डिस्कला चालतो, पण कुलूपवाल्या पिक्चरच्या डिस्कला चालत नाही, कारण कुलूप उघडायला ड्राइव्हशी थेट बोलावं लागतं. त्यापेक्षा त्या पीसीवरच डिस्क पेनड्राइव्हवर उतरवून आणलेली बरी.

आता लावून बघू

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये डीव्हीडी चालवायची सोय आपोआप येत नाही. विंडोज मीडिया प्लेअर डिस्क बघून गप्प बसतो. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर त्यांचं वेगळं विकतचं ॲप आहे, ते घ्यायचं काही कारण नाही. व्हीएलसी हा प्लेअर फुकट आहे, आणि तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरनंच उतरवा, गुगलवर वर वर दिसणाऱ्या जाहिरातीतनं नको.

स्लिम ड्राइव्हचा ट्रे पीसीच्या ट्रेसारखा नुसता ठेवायचा नसतो. मधे गोल खुंटी असते, तिच्या बाजूला तीन बारीक गोळ्या असतात. डिस्क खुंटीवर ठेवायची, ट्रेखाली डाव्या हाताचा आधार द्यायचा आणि दोन बोटांनी मधल्या भोकाशेजारी दाबायचं, टक् असा आवाज आला की बसली. हा टक् आला नाही तर डिस्क तिरकी फिरते, घासते, खर्रर्र आवाज येतो आणि चांगल्या डिस्कचं वाटोळं होतं. आजोबांच्या हातात ड्राइव्ह द्यायच्या आधी हे एकदा करून दाखवा.

ट्रे आत ढकलला की अर्धा मिनिट थांबा. व्हीएलसी उघडून मीडिया मेनूत ओपन डिस्क, किंवा सरळ कंट्रोल दाबून डी. तिथं डीव्हीडी निवडलेलं असतं, खाली डिस्क डिव्हाइसमध्ये ड्राइव्हचं अक्षर, समजा डी किंवा ई, ते बरोबर आहे का बघा आणि प्ले. व्हीसीडी असेल तर त्याच खिडकीत एसव्हीसीडी-व्हीसीडी निवडा. लग्नाच्या डिस्कवर फिरणारी फुलं आणि हार्टवाला मेनू असतो, तो कधी कधी अडकतो, तेव्हा "नो डिस्क मेनूज" ला टिक करून परत प्ले करायचं, थेट व्हिडिओ सुरू होतो. मग प्लेबॅक मेनूतल्या टायटलमध्ये हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असे तुकडे सापडतात, नावं नसली तरी लांबीवरनं कळतं.

लिनक्सवाल्यांनी, उबंटू असेल तर, लिबडीव्हीडी-पीकेजी (libdvd-pkg) हे पॅकेज टाकून डीपीकेजी-रिकॉन्फिगर (sudo dpkg-reconfigure libdvd-pkg) चालवायचं, नाहीतर कुलूपवाली डिस्क उघडत नाही.

चित्र येतं पण नीट येत नाही

वरातीत नाचणाऱ्यांच्या हातापायांना आडव्या रेघारेघा दिसतात, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि लोकांना वाटतं डिस्क गेली. गेलेली नसते. जुने कॅमेरे एक फ्रेम दोन अर्ध्यांमध्ये घ्यायचे, सम ओळी वेगळ्या, विषम ओळी वेगळ्या, जुन्या टीव्हीवर ते नीट दिसायचं, लॅपटॉपच्या स्क्रीनवर ते अर्धे एकमेकांत फणीसारखे अडकलेले दिसतात. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस ऑन करा आणि डीइंटरलेस मोडमध्ये याडिफ टू-एक्स निवडा. वरातीतली बँडवाल्यांची मंडळी एकदम गुळगुळीत चालायला लागतात.

माणसं जाडी किंवा लांबुडकी दिसत असतील तर व्हिडिओ मेनूत ॲस्पेक्ट रेशो ४:३ किंवा १६:९ करून बघा. पिक्चरमधलं बोलणं ऐकू येत नाही आणि गाणं लागलं की घर हादरतं, हे सहा स्पीकरसाठी केलेल्या फाइव्ह-पॉइंट-वन आवाजामुळं होतं, ऑडिओ ट्रॅकमध्ये स्टिरिओवाला असेल तर तो घ्या, नसेल तर टूल्समध्ये इफेक्ट्स अँड फिल्टर्स, तिथं कॉम्प्रेसर चालू करा.

आपल्या पूर्व भागात तेलुगू पिक्चरच्या डिस्का भरपूर. आजीला तेलुगू आणि नातसुनेला मराठी, तर सबटायटल मेनूत जाऊन इंग्रजी ट्रॅक तरी मिळतो का बघा, छापील डिस्कवर बऱ्याचदा असतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली डिस्क मात्र रीजन १ ची असू शकते, रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा नंबर, आणि भारत रीजन ५ मध्ये येतो. ड्राइव्हचा रीजन विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधनं बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. म्हणून एका पिक्चरसाठी उगाच बदलत बसू नका, आधी व्हीएलसीत तसंच चालतंय का बघा, पुष्कळदा चालतं.

उतरवून घ्या

बर्न केलेली डिस्क असेल तर यासारखं सोपं काही नाही. माय कम्प्युटरमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ओपन केलं की आत "व्हिडिओ टीएस" नावाचा फोल्डर दिसतो. तो अख्खा उचलून लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी करायचा. आतल्या व्हीओबी फाइलमध्ये व्हिडिओ असतो, प्रत्येकी एक जीबीच्या आत, आणि आयएफओ फाइलमध्ये मेनूची माहिती. फक्त व्हीओबी उचलू नका, सगळं घ्या. एका थराची डिस्क ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५ ची. चांगल्या डिस्कला साधारण १५-२० मिनिटं लागतात. नंतर हा फोल्डर ओढून व्हीएलसीच्या खिडकीत टाकला की डिस्क घातल्यासारखं मेनूसकट सगळं चालतं, ड्राइव्ह परत द्या ज्याचा त्याला.

छोट्या लॅपटॉपमध्ये ६४ जीबीच जागा असते, त्यातली निम्मी विंडोज खातं, म्हणून ३२ किंवा ६४ चा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क जवळ ठेवा. आणि फोल्डरऐवजी इमेजबर्न या प्रोग्रामनं अख्ख्या डिस्कची एकच आयएसओ फाइल करणार असाल तर पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला पाहिजे, कारण फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि "फाइल फार मोठी आहे" असा मेसेज येतो, जागा दिसत असूनही. फॉरमॅटमध्ये पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, आधी बघून घ्या. आयएसओवर विंडोज ८ किंवा त्यापुढं डबल क्लिक केलं की ती खऱ्या डिस्कसारखी ड्राइव्हमध्ये दिसते.

मोबाइलवर पाठवायला, टीव्हीवर लावायला एमपीफोर पाहिजे. त्यासाठी हँडब्रेक, फुकट. व्हिडिओ टीएस फोल्डर त्यात टाका, टायटलच्या यादीतनं सगळ्यात लांब असलेलं निवडा, प्रीसेटमध्ये "फास्ट ५७६पी२५" घ्या, नाव आणि जागा द्या, स्टार्ट एन्कोड. १०८०पी निवडून चित्र काही सुधारत नाही, मूळच ५७६ ओळींचं आहे, फाइल तेवढी फुगते. सेलेरॉनवर हे काम सावकाश होतं, तीन तासांचं लग्न असलं तर रात्री लावून झोपा, चार्जर जोडून, आणि लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा, एप्रिल-मेमध्ये तर पंख्याखाली. स्लीप मोड बंद करायला विसरू नका.

गड्ड्याची जुनी डिस्क असेल तर तिच्यापासून सुरुवात करा असं मी सांगेन. सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा हे दर जानेवारीला होतंच, पण त्या वर्षी नंदीध्वज धरलेला आपल्या घरातला माणूस, मागं दिसणारा तेव्हाचा रस्ता, हे परत कुठं शूट करणार.

कायद्याचं दोन वाक्यात. लग्नाचं शूटिंग तुम्ही पैसे देऊन करून घेतलं असेल आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं मालकी तुमचीच, बिनधास्त कॉप्या काढा. पिक्चरच्या डिस्कचं वेगळं आहे, २०१२ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम ६५अ प्रमाणं हक्कभंग करायच्या हेतूनं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, तेव्हा त्या डिस्क लावून बघा, कॉपी करून ग्रुपवर वाटत बसू नका.

डिस्क मधेच अडते तेव्हा

कॉपी ६० टक्क्यांवर येऊन थांबली, ड्राइव्ह घुंई घुंई करतोय. आधी कॅन्सल करा, डिस्क काढा, पुसा, गार होऊ द्या. मग दुसऱ्याचा ड्राइव्ह मिळतो का बघा, हे लोक करत नाहीत पण हाच सगळ्यात भारी उपाय आहे, एका ड्राइव्हला न वाचणारी डिस्क दुसरा निवांत वाचतो. नाही जमलं तर विंडोजवर अनस्टॉपेबल कॉपियर, तो खराब भाग ओलांडून पुढचं घेत राहतो, म्हणजे मंगलाष्टकांत दोनचार सेकंद चित्र फुटेल पण बाकीचं लग्न वाचेल. लिनक्स येत असेल तर डीडीरेस्क्यू याहून चांगलं, ते आधी चांगला भाग उचलतं आणि मग खराब जागी परत परत जातं, मधे वीज गेली तरी मॅप फाइलमुळं तिथनंच पुढं सुरू होतं.

डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचं स्टिकर असेल आणि त्याला फुगा आला असेल तर ते सोलू नका. फुग्यामुळं डिस्क थरथरते, पण सोलताना वरचा थर ओढला गेला तर उरलंसुरलंही जातं. ड्राइव्हला वेग कमी करायला लावा, इमेजबर्नमध्ये रीड स्पीड कमीत कमी ठेवता येतो, दोन-एक्स नाहीतर चार-एक्स, जे मिळेल ते.

डिस्क आत अडकली आणि बटण दाबून ट्रे येत नाही, तर ड्राइव्हची वायर काढा, पुढच्या बाजूला टाचणीएवढं भोक असतं त्यात मोबाइलची सिम पिन सरळ आत दाबा, ट्रे अर्धा इंच बाहेर येतो, पुढं हातानं ओढा.

टीव्हीवर लावताना

एमपीफोर पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीच्या यूएसबीला लावला, चित्र आलं पण आवाज नाही, असं झालं तर टीव्हीला आतला एसी-थ्री आवाज कळत नाही. हँडब्रेकच्या ऑडिओ टॅबमध्ये कोडेक एएसी ठेवून परत काढा, पासथ्रू निवडलेलं असेल तर ते बदला. फाइलचं नावच टीव्हीच्या यादीत दिसत नसेल तर पेनड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सफॅट असल्यामुळं काही जुने टीव्ही त्याला वाचत नाहीत. एमपीफोर चार जीबीच्या आत असेल तर तोच पेनड्राइव्ह रिकामा करून फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा आणि परत टाका, फाइलच्या नावात "लग्न १, लग्न २" असे नंबर घाला, म्हणजे टीव्ही हळदीच्या आधी वरात लावत नाही.